पारिजातक लावायचा तर सड्याची जागा आधी बघा

पारिजातकाची फुलं खुडायची नसतात, वेचायची असतात. संध्याकाळी उमलतात आणि उजाडायच्या आत गळायला लागतात. त्यामुळे जागा निवडताना सडा कुठे पडेल ते आधी बघा. गाडी लावतो तिथे किंवा गटारापाशी हे झाड लावू नये, फुलं चाकाखाली गेलेली बघवत नाहीत. चार-पाच तास ऊन आणि पाण्याचा निचरा मात्र हवाच.

पहिले दोन चांगले पाऊस झाले, की दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. निघालेल्या मातीत दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड मिसळा. माती काळी, चिकट असेल तर जाड वाळूही घाला. पिशवी फाडताना मुळांचा गोळा फुटू देऊ नका. गच्चीवर लावायचं असेल तर किमान 18 इंची कुंडी घ्या.

रोप विकतच आणायला हवं असं नाही. थंडीत झाडावर नाण्याएवढी चपटी बोंडं वाळतात. बोंड नखाने उकललं की दोन कप्पे दिसतात, एकेकात एक बी. रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरा. बियांपासूनच्या झाडाला फुलं यायला दोन-तीन वर्षं लागतात.

खरी कसोटी उन्हाळ्यात. पानं गळून झाड खराट्यासारखं दिसतं आणि माणूस घाबरून पाणी ओतत सुटतो. माझं पहिलं झाड असंच गेलं. वाळलं नव्हतं, मुळं कुजली. आता मी फांदीची साल नखाने जरा खरवडून बघते. आत हिरवं दिसलं की निश्चिंत. माती दोन बोटं खोल कोरडी लागली तरच पाणी घालायचं.

छाटणीही याच दिवसांत, पालवी फुटायच्या आत करा. फुलं नव्या फुटव्यांच्या टोकाशी येतात, म्हणून फांद्या एक तृतीयांश कापायला कचरू नका. न छाटलेलं झाड उंच जातं आणि खाली विरळ होतं. पावसाळ्यात पानांवर केसाळ सुरवंट दिसले तर हात न लावता काडीने काढा.

श्रावणापासून बहर धरतो. रात्री झाडाखाली जुनं सुती लुगडं अंथरून ठेवा, म्हणजे फुलांना चिखल लागत नाही. आणि सकाळी लवकर उठा. ऊन चढलं की फुलं मलूल होतात.