नायट्राइट जांभळ्यावरच अडकलंय? खाऱ्या पाण्याच्या टाकीचा माझा अनुभव

नव्या टाकीत मासे सोडण्याआधी थोडा अमोनिया घालतात, म्हणजे त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया वाढतात. माझी टाकी मधेच अडकली. लक्षण: अमोनिया शून्य, पण नायट्राइटची चाचणी रोज तीच गडद जांभळी. बाटलीतले बॅक्टेरिया ओतले, एअर पंप वाढवला. ढिम्म फरक नाही. डोकं पार भणाणलं.

सुटलं ते असं. आधी अमोनिया घालणं बंद. मग टाकीचं १ मिली पाणी ९ मिली आरओ पाण्यात मिसळून तपासलं. रंग २ चा आला, म्हणजे खरा आकडा २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग)! किटची रंगपट्टी ५ लाच संपते, त्यामुळे आत घट होत असली तरी दिसत नाही. निम्मं पाणी बदललं: आरओचं, मीठ आदल्या रात्री विरघळवलेलं, घनता १.०२५, तापमान टाकीइतकंच.

नागपूरच्या मे महिन्यात टाकी ३३ अंशांवर जाते. पृष्ठभागावर तिरपा पंखा लावला, २७ वर आली. (कूलरच्या दमट खोलीत ही युक्ती फारशी चालत नाही.) पंख्यानं पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून काचेवर मार्करची रेघ मारून तिथपर्यंत रोज साधं आरओ पाणी, खारं नाही.

नायट्राइट शून्य झाल्यावर २ पीपीएम अमोनिया घालून पाहिला. २४ तासांत दोन्ही शून्य, नायट्रेट मात्र भरपूर. पुन्हा पाणी बदललं आणि मगच क्लाउनफिश आणला.