भिंग आणि आरशांचे प्रयोग: या चुका टाळा, प्रतिमा नक्की मिळेल

बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून नाभीपर्यंतचं अंतर, काढायला सांगितलं की बरीच मुलं भिंग घेऊन वर्गातल्याच ट्यूबलाइटकडे वळतात. पडद्यावर ट्यूबची रेघ छान ठळक उमटते, पट्टीने अंतर मोजलं जातं आणि जर्नलमध्ये चुकीचा आकडा जातो. नाभी म्हणजे समांतर किरण भिंगातून जाऊन जिथे एकत्र येतात तो बिंदू. प्रतिमा नाभीपाशी पडते ती खूप लांबच्या वस्तूची, कारण तिच्याकडून येणारे किरणच जवळजवळ समांतर असतात. २० सेमी नाभीय अंतराचं भिंग दोन मीटरवरच्या ट्यूबकडे धरलं, तर प्रतिमा २२.२ सेमीवर मिळते. पट्टी नीट धरून हा फरक जाणार नाही.

खिडकीतून समोरची इमारत घ्यावी, तर पुण्याच्या पेठांमधल्या गल्लीत तीही फार लांब नसते. सरळ गच्चीवर जा. पर्वतीचं देऊळ दिसत असेल तर ते घ्या, हवा स्वच्छ असेल तर सिंहगडावरचा टीव्ही टॉवर. कागद सावलीत धरा, नाहीतर प्रतिमा पडूनही दिसत नाही. देवळाचा कळस खाली आणि आभाळ त्याच्याही खाली, असं इवलंसं चित्र कागदावर आलं की अंतर मोजा. वस्तू म्हणून सूर्य मात्र घेऊ नका. कागद पेटतो, आणि भिंगातून सूर्याकडे पाहिलं तर डोळ्याला कायमची इजा होते.

दुसरी तक्रार नेहमीची: ‘मेणबत्ती ठेवली, पडदा ठेवला, भिंग पुढेमागे करून पाहिलं, काही येतच नाही.’ दोष बहुधा भिंगात नसतो, जागा अपुरी असते. मेणबत्ती आणि पडदा यांच्यातलं अंतर नाभीय अंतराच्या चौपटीहून कमी असेल, तर भिंग कुठेही ठेवा, पडद्यावर स्पष्ट प्रतिमा मिळणारच नाही. २० सेमीच्या भिंगाला किमान ८० सेमी हवेत. ९० सेमी ठेवून पाहा, एक नाही, दोन जागा सापडतील: भिंग मेणबत्तीपासून ३० सेमीवर असताना ज्योत दुप्पट मोठी, ६० सेमीवर असताना निम्मी. दोन्ही वेळा उलटीच.

आता सगळ्यात चिवट गैरसमज. भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कार्डाने झाकला तर काय होईल? ‘अर्धी प्रतिमा जाईल,’ हे उत्तर हुशार मुलंही देतात, आणि त्यांना दोष देववत नाही. आपण फळ्यावर ज्योतीच्या टोकापासून दोनच किरण काढतो, मग त्या दोन किरणांनीच प्रतिमा तयार होते असं त्यांना वाटतं. ते दोन किरण फक्त आकृतीच्या सोयीचे. प्रत्यक्षात टोकापासून निघालेला प्रकाश अख्ख्या भिंगावर पसरतो आणि भिंग तो सगळा पलीकडे एकाच बिंदूत आणतं. वरचा भाग झाकला तरी खालच्या भागातून टोकाचा प्रकाश त्याच बिंदूत पोचतो. ज्योत पूर्ण दिसते, फक्त मंद होते.

हे करून दाखवताना कार्ड भिंगाला अगदी चिकटवून धरा आणि हळूहळू सरकवा. ज्योतीचा एकही कोपरा न तुटता ती फिकी होत जाताना दिसेल. तेच कार्ड पडद्याजवळ धरलं, तर प्रतिमेचा तुकडा खरोखर कापला जातो आणि गैरसमज आणखी पक्का होतो. आरशालाही हाच नियम लागू. न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत नळीच्या मधोमध छोटा सपाट आरसा बसवलेला असतो, तरी चंद्रावर काळा ठिपका दिसत नाही. नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येकीच्या नाभीपाशी, म्हणजे तबकडीच्या समोरच, रेडिओलहरी टिपणारं यंत्र बसवलेलं आहे. त्याने थोड्या लहरी अडतात, पण आकाशाचा तुकडा गायब होत नाही.

वास्तव प्रतिमेला, म्हणजे किरण प्रत्यक्ष एकत्र येऊन बनलेल्या प्रतिमेला, पडदा लागतोच, हेही खरं नाही. प्रतिमा मिळाल्यावर पडदा काढा, त्याच रेषेत एक हातभर मागे सरका आणि भिंगाकडे पाहा. उलटी ज्योत भिंगाच्या अलीकडे हवेत दिसेल.

गणितात मुलं भिंगाला आरशाचं सूत्र लावतात; दोन्हींत फरक फक्त एका अधिक-वजा चिन्हाचा. नाभीय अंतर f = १० सेमी आणि वस्तू ३० सेमीवर असेल तर प्रतिमा १५ सेमीवर यायला हवी; चिन्ह चुकलं की ७.५ येतं. बहिर्गोल भिंगाची वास्तव प्रतिमा नाभीच्या आत कधीच पडत नाही, एवढं ध्यानात असलं तर चूक जागेवरच पकडता येते.

बहिर्गोल आरशाबद्दल ‘प्रतिमा लांब असते’ असं लिहितात, तेही चूक. प्रतिमा आरशामागे, नाभीच्या आतच असते. ती लहान असल्यामुळे वस्तू लांब असल्याचा भास होतो. सोसायटीच्या पार्किंगच्या वळणावर लावलेल्या आरशात स्कूटर चिमुकली दिसली, तरी ती वळणाशी पोचलेली असू शकते.