ओपनट्रिपप्लॅनरवर बस, रेल्वे आणि पायी प्रवासाचा एकत्रित मार्ग
अमेरिकेतील पोर्टलंडमध्ये २००९ साली सुरू झालेला ओपनट्रिपप्लॅनर हा प्रवासाचे मार्ग शोधून देणारा मुक्तस्रोत प्रकल्प जावा या प्रोग्रामिंग भाषेवर चालतो. एकाच फोल्डरमध्ये ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची पीबीएफ स्वरूपातील फाइल आणि जीटीएफएस या सार्वजनिक वाहतुकीच्या प्रमाणित स्वरूपातील वेळापत्रकाची झिप फाइल ठेवावी. झिपच्या नावात ‘जीटीएफएस’ ही अक्षरे रोमन लिपीत नसतील, तर प्रोग्राम मूळ सेटिंगमध्ये ती फाइल ओळखत नाही. नकाशा शहरापुरता कापून घ्यावा, अन्यथा मार्गांचे जाळे बांधताना मेमरी अपुरी पडू शकते. त्यानंतर सर्व्हर सुरू करून ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचे, म्हणजे आपल्याच संगणकाचे, ८०८० पोर्ट उघडावे. उत्तरात केवळ पायी मार्ग दिसला, तर प्रोग्रामला दोष देण्याआधी वेळापत्रकाची मुदत संपलेली नाही ना, हे तपासावे. माझी एक संध्याकाळ यातच गेली. विश्लेषणासाठी तोच प्रवास सकाळी ८ आणि रात्री १० वाजताचा मागवून गाडीबदल व प्रतीक्षेचा वेळ ताडून पाहावा.