स्पोर्ट्स कारला आफ्टरमार्केट एअर इनटेक घेताय? आधी मोजा, मग पैसे काढा

इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारा फिल्टर, डबा आणि पाइप, हा बऱ्याच जणांचा पहिला मॉड (गाडीतला बदल) असतो, कारण बोनेट उघडलं की समोर दिसतो, आवाज मस्त येतो आणि "वीस-पंचवीस घोडे (हॉर्सपॉवर) सहज वाढतील" असं सांगणारा दुकानात कुणी ना कुणी भेटतोच. वाढतात का? कधी कधी. पण तुमच्या गाडीत जास्तीत जास्त किती वाढू शकतात याचा अंदाज किट विकत घेण्याआधीच काढता येतो, आणि तो कॅटलॉग वाचून नाही तर मोजून. उदाहरणाला फोर्ड मस्टँग जीटी धरतो, २०१६ ला आपल्याकडे आली ती, ५ लिटर व्ही८, ४०१ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंप) नाही. टर्बोवाल्यांचं गणित जरा वेगळं, ते खाली येईल.

स्टेप १: स्टॉक इनटेक किती अडवतोय ते बघा

सगळ्यात आधी कंपनीचाच नवा पेपर फिल्टर टाका. मळलेल्या फिल्टरवर मोजाल तर आफ्टरमार्केट काहीही लावलं तरी भारीच वाटणार.

इंजिन हवा ओढतं तेव्हा फिल्टर, डबा आणि पाइप मिळून थोडा प्रेशर खातात. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो, म्हणजे इनटेकने १ किलोपास्कल खाल्ला तर ढोबळमानाने १ टक्का पॉवर गेली. आता १ किलोपास्कल म्हणजे पाण्याचा फक्त १० सेंटीमीटरचा फरक, त्यामुळे पारदर्शक नळीचा यू करून त्यात रंगीत पाणी भरलं, एक टोक फिल्टरच्या पुढे थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त सोडणारी झडप) आधी पाइपमध्ये घट्ट बसवलं, दुसरं उघडं ठेवलं, की झाला मॅनोमीटर (दाबातला फरक मोजायचं साधन). नळी चांगली लांब घ्या म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही, नाहीतर डिजिटल मॅनोमीटर मिळतो तो बरा. हे डायनोवर (गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून पॉवर मोजणारं मशीन) करा, फुल थ्रॉटल, रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या आरपीएमची कमाल मर्यादा). रस्त्यावर नको.

समजा २५ सेंटीमीटर फरक आला, तर अडीच टक्के, म्हणजे मस्टँगला साधारण १० पीएस. आणि हे कधी, तर इनटेकचा अडथळा पूर्ण शून्य झाला तर, जे कुणालाच जमत नाही, त्यातले निम्मे मिळाले तरी खूप. ५-७ सेंटीमीटरच आला तर स्टॉक डबा उत्तम आहे, टायर घ्या. स्टॉक डब्याला बरेच लोक उगाच नावं ठेवतात. त्यावरची प्लास्टिकची विचित्र खोकी आवाज मारायला असतात, काही गाड्यांत कमी आरपीएमला टॉर्क सांभाळायलाही, आणि बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये हवा ग्रिलमागूनच घेतलेली असते, म्हणजे 'कोल्ड एअर' तुमच्याकडे आधीपासून आहे.

स्टेप २: फिल्टर बसणार कुठे

हवा १० अंशांनी तापली की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे मोठा चकचकीत कोन फिल्टर इंजिन बे मध्ये उघडा लावला आणि तो रेडिएटरमागची गरम हवा ओढायला लागला, तर अडथळा कमी करून जे कमावलं ते तिथेच गेलं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी असं सेटअप घेऊन सिग्नलला उभं राहा म्हणजे कळेल. म्हणून बंद डबा किंवा निदान बोनेटला रबराने टेकणारी हीट शील्ड हवीच.

चेक करायला ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवतो तो) पुरतो. इनटेक एअर टेम्परेचर बघा, सिग्नलला नाही, ७०-८० च्या स्पीडला पाच-दहा मिनिटं चालल्यावर. बाहेरच्या तापमानापेक्षा ५ ते १० अंश जास्त असेल तर ठीक, २०-२५ जास्त असेल तर फिल्टर चुकीच्या जागी आहे. तोच किट लावलेली कुणाची गाडी असेल तर घेण्याआधी तिच्यावर हे करून बघा.

पाइप अॅल्युमिनियमचा की प्लास्टिकचा की कार्बन फायबरचा यावर लोक तासन्‌तास भांडतात. ५ लिटर इंजिन ६५०० आरपीएमला सेकंदाला जवळपास २७० लिटर हवा ओढतं, ९० मिलिमीटरच्या पाइपमधून ही हवा सेकंदाला चाळीसेक मीटरने जाते, म्हणजे ६० सेंटीमीटरचा पाइप ती सेकंदाच्या दोन शतांशापेक्षा कमी वेळात पार करते. तेवढ्यात किती तापणार! कार्बन फायबर दिसायला भारी, बास.

स्टेप ३: मास एअरफ्लो सेन्सर, इथे घाई नको

मस्टँगसारख्या गाडीत किती हवा आली हे पाइपमधला मास एअरफ्लो सेन्सर सांगतो आणि त्यावर पेट्रोल ठरतं. सेन्सर बघतो पाइपच्या मधल्या थोड्याशा हवेला, बाकीचा हिशोब ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पाइपचा व्यास ठराविक आहे असं धरून करतो. किटने तिथला व्यास वाढवला की सेन्सरला हवा कमी वाटते, पेट्रोल कमी पडतं, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि फुल थ्रॉटलला नॉकिंगची (पेट्रोल अवेळी भडकून इंजिनाला ठोके बसण्याची) भीती. त्यामुळे काही किटवर 'ट्यून (ईसीयूच्या सेटिंगमधला बदल) लागेल' आणि काहींवर 'ट्यून नको' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते वाचा. ट्यूनचं बजेट नसेल तर ट्यून लागणारा किट घेऊ नका, दुकानदार "काय होत नाय हो" म्हणाला तरी. आणि जाहिरातीतला डायनो ग्राफ इनटेकचा एकट्याचा आहे की इनटेक अधिक ट्यूनचा, हेही बघा, बरेचसे घोडे ट्यूनचेच असतात.

स्टेप ४: फिल्टर कशाचा

पेपर, तेल लावलेलं कॉटन आणि ड्राय सिंथेटिक असे तीन प्रकार. कॉटनवाला धुऊन परत वापरता येतो, केअँडएन या ब्रँडमुळे तो सगळ्यांना माहीत आहे, पण धुतल्यावर तेल जास्त लावलं तर ते उडून सेन्सरच्या तारेवर बसतं. आपल्याकडची धूळ, सगळीकडे चाललेली बांधकामं आणि कोकणातला लाल फुफाटा बघता मी ड्राय सिंथेटिकच सुचवेन. कंपनीकडे आयएसओ ५०११ टेस्टचे (एअर फिल्टर तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत) आकडे मागा. त्यात फक्त फ्लो नाही, धूळ किती टक्के अडवली तेही बघा, कारण फ्लो वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे जाळी सैल करणं, आणि सुटलेली धूळ पिस्टन रिंगा खाते.

स्टेप ५: पाऊस

बंपरमध्ये खाली जाणारा लांब इनटेक मुंबईत घेऊच नका. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेला साचलेल्या पाण्यातून गाडी घातली आणि फिल्टर बुडाला की पाणी सिलिंडरमध्ये, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत याचे पैसे सहसा मिळत नाहीत, इंजिन प्रोटेक्शन अॅड-ऑन लागतं, त्यातही मॉडिफिकेशन कळवलेलं नसेल तर क्लेमला वाद होतो.

टर्बो असेल तर

बीएमडब्ल्यू एम३४०आय सारख्या गाडीत ईसीयू ठरलेला बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) गाठतोच, त्यामुळे स्टॉक ट्यूनवर इनटेक बदलून फार तर टर्बोचं काम थोडं हलकं होतं. फरक दिसतो तो बूस्ट वाढवल्यावर. तापमानासाठी पैसे टाकायचेच असतील तर चांगल्या इंटरकूलरवर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करतो तो) टाका, कारण हवा खरी तापते टर्बोच्या कंप्रेसरमध्ये. सूं-सूं आवाज मात्र जोरदार येतो, आणि नुसता आवाजासाठी इनटेक घेतला तरी त्यात गैर काही नाही, फक्त तसं स्वतःशी कबूल करून घ्या.

ऑर्डर करण्याआधी

किट उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बसतो का ते लेखी विचारा, ब्रेक बूस्टरची जागा बदलते. ब्रीदर होजसाठी (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये आणणारी नळी) त्याच साइजची तोंडं आहेत का बघा. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून हटणाऱ्या बदलांवर आहे, आणि परवानगी नसलेल्या बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी किटवर कार्ब ईओ नंबर (तिथल्या प्रदूषण मंडळाच्या मंजुरीचा नंबर) आहे का तेवढं बघावं, नाहीतर स्मॉग चेकला (तिथली धूर तपासणी) अडकाल.

बसवल्यावर

थोडे दिवस चालवून ओबीडी डोंगलवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल ठरल्यापेक्षा किती टक्के कमी-जास्त करतोय ते) बघा. अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर छान, अधिक १० च्या वर गेला तर कुठेतरी क्लॅम्प सैल आहे किंवा व्यास जुळत नाहीये. डायनो परत करायचा तर त्याच मशीनवर, बोनेट आणि पंखा आधीसारखाच ठेवून. आणि स्टॉक डबा भंगारात देऊ नका, जूनमध्ये पाऊस आला की अर्ध्या तासात परत बसतो.