पेन्शन बंद पडली? नवा फॉर्म भरायच्या आधी हे करा (इंदूरवाल्यांसाठी)

आपल्याकडे रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर कुठेही जा, एखादी आजी किंवा काकू असतेच जिची वृद्धावस्था किंवा कल्याणी (म्हणजे विधवा) पेन्शन महिनोनमहिने आलेली नाही आणि घरचे म्हणतात, जाऊ दे, 600 रुपये तर आहेत. आणि ज्यांना जाऊ देता येत नाही ते सरळ किऑस्कवर जाऊन नवा फॉर्म भरून येतात. तोच पहिला घोळ. नवा फॉर्म म्हणजे सगळं पहिल्यापासून, नवी चौकशी, नवी मंजुरी, आणि मधल्या बंद महिन्यांच्या पैशांवर पाणी सोडल्यासारखंच, शिवाय सिस्टीममध्ये तुमचं जुनं नाव असतंच त्यामुळे तो अर्ज डुप्लिकेट म्हणून परत यायची शक्यता वेगळी. बहुतेक वेळा पात्रता कुठे गेलेली नसते हो, कागदाची साखळी मध्येच कुठेतरी तुटलेली असते. ती कुठे तुटली ते आधी शोधायचं.

शोधायचं कसं, तर दोन पासबुकं समोरासमोर ठेवा. एक बँकेचं, एन्ट्री मारून आणलेलं. दुसरं एमपीच्या पेन्शन पोर्टलवरचं, तिथे समग्र (एमपी सरकारची कुटुंबनोंदणी) मेंबर आयडी टाकून पेन्शनरची पासबुक बघता येते (मेंबर आयडी 9 आकडी असते, 8 आकडी ती फॅमिली आयडी, लोक हमखास गोंधळतात). पोर्टलवर पैसे गेले दिसतात पण बँकेत नाहीत, तर भानगड बँक-आधारची. पोर्टलवरच एका महिन्यानंतर एन्ट्री थांबली असेल तर भानगड समग्रची किंवा सत्यापनाची, म्हणजे पडताळणीची. एवढं कळलं की अर्धं काम झालं, कारण नाहीतर नगर निगमचं झोन ऑफिस बँकेत पाठवतं, बँक झोन ऑफिसला पाठवते आणि म्हातारं माणूस मधल्या मध्ये रिक्षाचं भाडं भरत बसतं.

आधी बँकेची बाजू. डीबीटीचा (सरकारकडून थेट खात्यात येणारा) पैसा आधार नंबरवर निघतो, आणि तो कुठल्या बँकेत जाणार हे एनपीसीआयच्या (बँकांमधली पेमेंट्स चालवणारी संस्था) मॅपरमध्ये, म्हणजे आधार-बँक जोडीच्या यादीत, ठरतं, तिथे एका आधारला एका वेळी एकच बँक असते. मधे कुठे नवीन खातं उघडलं, त्या माणसाने आधार घेतला, सीडिंगच्या (सरकारी पैसा याच खात्यात घ्या, अशा) रकान्यात टिक केलं, की पैसा तिकडे वळला. 2017 मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेचं प्रकरण गाजलं ते हेच, लोकांची गॅस सबसिडी त्यांना न विचारता उघडलेल्या खात्यांत जात होती. तर मायआधारच्या साइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा, बँकेचं नाव आणि ॲक्टिव आहे की नाही दोन्ही दिसतं. भलतीच बँक दिसली तर घाबरू नका, पैसा बहुधा तिथेच पडलेला असतो, आधी तो काढा मग आपल्या बँकेत डीबीटी सीडिंगचा फॉर्म द्या. फॉर्मवर 'एनपीसीआय मॅपिंग' असं स्पष्ट लिहा, नुसतं 'आधार लिंक' म्हटलं तर ते फक्त केवायसीला जोडून देतात आणि तुम्हाला वाटतं झालं. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून खातं निष्क्रिय झालं असेल तर केवायसी देऊन ते चालू होतं आणि त्याचा चार्ज लावायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कोणी मागितला तर लेखी मागा म्हणावं.

आता समग्र. इथे आपल्या मराठी बायकांचा एक खास त्रास आहे. माहेरचं नाव कुसुम, सासरी सुमन केलं, बँकेत सुमन, आधारमध्ये सुमन पण मधलं नाव नवऱ्याचं, समग्रमध्ये मधलं नावच नाही, आणि आडनाव काळेचं काले. ई-केवायसी करताना नावं जुळली नाहीत की रिक्वेस्ट मंजुरीसाठी वर जाते आणि तिथेच पडून राहते. दुसरं म्हणजे लेक लग्न होऊन गेली तरी माहेरच्या फॅमिली आयडीत तशीच, सासरी दुसरी आयडी काढली, आता आधार एका आयडीला जोडलेलं म्हणून दुसरी अडते. यावर उपाय एकच, एक कागद पक्का ठरवा (आधारच ठरवा, कारण पैसा त्यावरच निघतो) आणि बाकी सगळे त्याच्यासारखे करा. उलटं करू नका, आधारमध्ये नाव बदलायची संधी आयुष्यात दोनदाच मिळते.

सगळ्यात चीड आणणारा प्रकार म्हणजे सत्यापनाला कोणीतरी आलं, घराला कुलूप होतं, आजी पुण्याला लेकीकडे गेलेल्या, आणि रेकॉर्डवर चढलं 'मृत' किंवा 'स्थानांतरित'. माझ्या ओळखीच्या एका काकूंना खिडकीवर सांगितलं की आप तो मृत हैं, त्या म्हणाल्या मग मी कोण बोलतेय? हसू येतं पण त्याच खिडकीवर तोंडी भांडून काही होत नाही. झोन ऑफिसला साध्या कागदावर हिंदीत अर्ज द्या, एवढंच पुरतं: 'मैं जीवित हूँ एवं उपरोक्त पते पर निवासरत हूँ। मेरी पेंशन दिनांक ___ से बंद है। कृपया भौतिक सत्यापन कर पेंशन पुनः प्रारंभ करें तथा बंद अवधि की राशि का भुगतान करें।' खाली मेंबर आयडी, आधारचे शेवटचे चार आकडे, खातं, मोबाईल. त्या शेवटच्या वाक्याचा अर्धा भाग विसरू नका, मागचे पैसे मागितलेच नाहीत तर आपणहून कोणी देत नाही. अर्जाच्या दोन कॉपी, आणि दुसरीवर आवकचा शिक्का, नंबर, तारीख. शिक्का नाही म्हणाले तर भांडू नका, स्पीड पोस्टने पाठवा, पोस्टाची पावती तेच काम करते.

रेशनची पात्रता पर्ची (रेशन मिळायची चिठ्ठी) कटली असेल तरी पद्धत तीच, फक्त तिथे बहुतेक वेळा बोटांचे ठसे न उमटण्याची कटकट असते. भांडी घासून, पापड लाटून झिजलेली बोटं, मशीन काय ओळखणार. दुकानदार म्हणतो अंगूठा नहीं आ रहा, पण त्यावरून नाव कापता येत नाही. डोळ्यांचा स्कॅन, ओटीपी असे पर्याय ठेवा आणि अडचणीच्या केसेसची वेगळी नोंद ठेवा, असं कॅबिनेट सचिवालयाने 19 डिसेंबर 2017 च्या पत्रात सांगितलंय. नुसतं आधार नाही म्हणून रेशन यादीतून नाव काढू नका, असं केंद्राच्या अन्न विभागाने त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला राज्यांना लिहिलं होतं. अर्जात या दोन तारखा टाकल्या की समोरच्याचा सूर बदलतो. 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहऱ्यानेही केवायसी होते, आजींना उजेडात बसवा आणि चष्मा काढायला सांगा.

अर्ज देऊन काही हललं नाही तर 181, म्हणजे सीएम हेल्पलाइनला फोन. तक्रार नंबर लिहून ठेवा. ही तक्रार खालच्या अधिकाऱ्याकडून (एल-1) वरच्या अधिकाऱ्यापर्यंत (एल-4) सरकत जाते, म्हणून खालच्या ऑफिसातून फोन येतो की मॅडम काम हो जाएगा, आप शिकायत बंद करवा दीजिए. गोड बोलतात! नाही म्हणायचं. पैसे खात्यात दिसले की बंद करते, एवढंच उत्तर, आणि वृद्ध माणसाच्या फोनवर तक्रार केली असेल तर त्यांना हे आधी पढवून ठेवा, नाहीतर भिडेपोटी 'हाँ हाँ संतुष्ट हूँ' म्हणून मोकळे होतात.

मंगळवारी कलेक्टर ऑफिसात, मोती तबेल्याला, जनसुनवाई असते, म्हणजे लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात. सकाळी लवकर जा, आजींना स्वतःला न्या (जिवंत असल्याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही), आणि सोबत शिक्क्याची कॉपी आणि 181 चा नंबर.

यातून कारणच कळत नसेल तर आरटीआय. फी 10 रुपये, बीपीएल असेल तर तीही नाही, उत्तर 30 दिवसांत. 'पेन्शन का बंद केली' असं विचारू नका, तो वाद होतो, कागद मागा: बंद करण्याच्या आदेशाची प्रत, सत्यापनाच्या रिपोर्टची प्रत, आणि बंद करण्याआधी दिलेल्या नोटिशीची प्रत. नोटीस दिलेलीच नसते हो, आणि ती नाही असं त्यांनीच लेखी दिलं की पुढच्या अपिलात तोच कागद कामाला येतो.

आणि नवा अर्ज करायलाच लागला, म्हणजे जुना रेकॉर्ड खरंच संपलाय, तर लोकसेवा केंद्रातून करा आणि पावती घ्या. 2010 च्या लोकसेवा गॅरंटी कायद्यात उत्तराची मुदत ठरलेली आहे, मुदत टळली की 30 दिवसांच्या आत पहिलं अपील, आणि उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5000 पर्यंत दंड. वकिलाची गरज वाटली तर बायकांना जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, फोन 15100.

पेन्शन परत सुरू झाली की पहिली एन्ट्री नीट बघा, 600 आलेत की मागचे धरून आलेत. फक्त 600 असतील तर 181 ची तक्रार अजून बंद करू नका.