चक्कीच्या गल्ल्यातलं चुकलेलं नाणं

दळण देताना हात पिठाचे असतात, म्हणून गल्ल्यातली नाणी रात्री फडक्यानं पुसून मोजायची माझी सवय. त्या सवयीनं केलेलं नुकसान पुढे सांगते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात 21 वर्षं मी चक्की चालवते. एकदा गल्ल्यात असा रुपया आला की छाप एका अंगाला सरकलेली आणि उरलेल्या जागी चंद्रकोरीएवढी कोरी चकती. खोटा समजून मी तो मारुतीच्या दानपेटीत टाकला. देवाला खोटा पैसा दिला म्हणून सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. खोटा नव्हताच तो. टांकसाळीत चुकलेला होता, आणि अशा नाण्याला छंदी लोक रुपयाच्या कितीतरी पट मोजतात.

पण प्रत्येक वाकड्या नाण्याला नाही. बाजाराच्या दिवशी कोणीतरी येतंच, "वहिनी, पाहा बरं, याचे लाख भेटतेत म्हने." बहुतेक नाणी टांकसाळीतून धड निघालेली आणि मागून माणसांनी बिघडवलेली असतात. शकुंतला ही छोटी रेल्वे धावायची तेव्हा आमच्याकडची पोरं रुळावर नाणी ठेवून चपटी करायची. ती आजही कोणाकोणाच्या डब्यात आहेत, आणि त्यांची किंमत शून्य.

म्हणून आधी पाहायचं ते हे, की चूक यंत्राची आहे की माणसाची. त्यासाठी नाणं कसं बनतं ते डोळ्यांपुढे आणा. वाटीनं पुऱ्या कापाव्यात तशा पत्र्यातून चकत्या कापतात. त्यांचा काठ दाबून उचलतात. मग चकती कड्यात बसवून वरच्या आणि खालच्या ठशांमध्ये दाबली की दोन्ही बाजू उमटतात. कापणारं यंत्र आधीच्या भोकावर चढलं, तर नाण्याचा घास घेतल्यासारखा तुकडा कमी येतो. चकती नीट बसली नाही तर छाप सरकते. ठशाच्या खाचेत वंगण साचलं तर अक्षरं उमटतच नाहीत. ठशाला तडा गेला तर नाण्यावर रेघ येते, आणि ती रेघ नेहमी उंच असते, कारण धातू तड्यात शिरतो. बोट फिरवू नका, भिंग लावून तिरप्या उजेडात पाहा. रेघ खोल असेल तर तो ओरखडा. एवढ्या एका कसोटीवर मी निम्मे लोक परत पाठवते.

तुकडा कमी असलेल्या नाण्यात समोरचा काठ पाहायचा. खऱ्या नाण्यात घासाच्या बरोबर समोर काठ दबका असतो, कारण काठ उचलताना तिकडे पुरता दाब मिळालेला नसतो. कानशीनं घासलेल्या नाण्याचा समोरचा काठ ठणठणीत असतो.

सगळ्यात जास्त फसवाफसवी होते ती उलट्या छापेत. एखादं नाणं ठशालाच चिकटून राहतं, आणि पुढची चकती त्या नाण्यावरच दाबली जाते. मग एका बाजूला सिंह उंच, आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह खोल, आरशातल्यासारखे. व्यापारी याला 'लखी' म्हणतात. पूर्ण आणि स्वच्छ लखीला चांगला भाव येतो. नकली करणारे दोन नाणी वाइसच्या लोखंडी शिकंज्यात आवळतात. तेव्हा खोल छापेखाली मूळचा आकडा अर्धवट दिसत राहतो आणि दुसऱ्या बाजूचे उंचवटे चेपतात.

वजन सोनाराकडे करून घ्या. 1992 पासूनचा स्टीलचा मोठा रुपया 4.85 ग्रॅमचा, अकरा कोनांचे दोन रुपये 6 ग्रॅमचे, दहाचं दुरंगी नाणं 7.71 ग्रॅमचं. वजन बरंच कमी आणि अक्षरं विरघळल्यासारखी, तर ते ॲसिडमध्ये बुडवलेलं. माझ्याकडे चक्कीच्या तोंडाशी धान्यातले खिळे धरणारं लोहचुंबक आहेच. स्टीलचा रुपया त्याला चिकटतो, अकरा कोनांचे दोन रुपये चिकटत नाहीत. याच्या उलट झालं तर चकतीच दुसऱ्या नाण्याची असू शकते, आणि तशी चूक दुर्मीळ.

ठसा फिरलेला आहे का ते असं पाहतात: नाणं वर आणि खाली बोटांत धरून दारासारखं फिरवा. आपल्या नाण्यांत दोन्ही बाजू सरळ दिसायला हव्यात. मागची बाजू जराशी कलली तर कोणी विचारत नाही. पूर्ण उलटी दिसली तर गिऱ्हाईक मिळतं.

भावाचं गणित थोडक्यात असं: चूक हातभरावरून दिसावी, आणि साल वाचता यावं. केसाएवढ्या सरकलेल्या छापेला कोणी पैसे देत नाही. अर्धी सरकलेली, पण साल आणि त्याखालची खूण शाबूत, असं नाणं सगळ्यांना हवं असतं. खूण म्हणजे मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच नाही. एखादं अक्षर भरलेलं असेल तर चहापाणी सुटेल, एवढंच.

जुन्या नाण्यांत मात्र हे गणित उलटं होतं. आमच्याकडे जुन्या घरांत शिवराई, म्हणजे मराठेशाहीतला तांब्याचा पैसा, निघते. तिची छाप सरकलेली असतेच, कारण ती हातोड्यानं ठोकलेली आणि ठसा बहुधा चकतीहून मोठा. ती चूक नाही. उलट 'श्री राजा शिव' आणि 'छत्र पति' ही अक्षरं जितकी पुरी, तितका भाव. एक व्यापारी अर्धी अक्षरं असलेली शिवराई 'एरर' म्हणून विकत होता, मी तिथून उठून आले.

आता माझं नुकसान. दुसऱ्यांदा मिळालेला सरकलेला रुपया मी आधी पुसला, मग चिंच आणि राख लावून लखलखीत केला. नागपूरला नाण्यांच्या प्रदर्शनात दाखवला तर समोरच्यानं भिंग ठेवलं आणि अर्धाच भाव सांगितला. बारीक ओरखडे मीच पाडले होते. आता पिठाळ नाण्यावर फक्त फुंकर मारते. नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, हिरवा चिकटा धरतो. कागदी पाकीट बरं.

फोनवर कोणी लाखांचं आमिष दाखवून आधी 'कमिशन' मागितलं तर फोन ठेवा. असे पैसे आम्ही मागत नाही, हे रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच जाहीर केलंय. आणि वखरताना नाण्यांचं गाडगं लागलं तर ते विकायला नेऊ नका. 1878 च्या कायद्यानं दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं.

हनुमान जयंतीला दानपेटी उघडतात तेव्हा मोजायला मी मुद्दाम बसते. तो पहिला रुपया केव्हाच बँकेत गेला असणार. तरी प्रत्येक रुपया पालथा करून पाहते, आणि पुजारी म्हणतो, "वहिनी, पैसे मोजा, वाचू नका."