शाळेतले टॅब कपाटात का जातात? या चुका टाळा

शाळेत टॅब येतात त्या दिवशी नारळ फुटतो, फोटो निघतात, गटावर पडतात. आठवडाभरात माझा फोन वाजायला लागतो. "सर, टॅब लॉक झालाय." "सर, ॲप उघडतच नाही." "सर, चार्जिंगच घेत नाही हो." मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, कुणाचा टॅब अडला की तो पिशवीत घालून शिक्षण परिषदेला माझ्याकडे येतो. आजवर असे कितीतरी टॅब हाताखालून गेले. त्यातले खरोखर मोडलेले, म्हणजे काच फुटलेले किंवा चार्जिंगची पिन सैल झालेले, थोडेच. बाकीचे पहिल्या दिवशीच्या घाईने अडलेले.

हे टॅब कुठून आले ते आपण विसरतो, म्हणून मला राग येतो. २०१५ साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा राज्य सरकारचा कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी लोकसहभागातून शाळा डिजिटल करायची लाट आली. कुणी सोयाबीन विकून आलेल्या पट्टीतून पाचशे दिले, कुणी मजुरीतून शंभर. त्या पैशांचा टॅब सहा महिन्यांत लोखंडी कपाटात गेला, तर पुढच्या वेळी पावतीपुस्तक घेऊन कुठल्या तोंडाने गावात फिरायचे?

स्वतःचे गुगल खाते टाकणे

ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे आणि सर्वांत महागही हीच पडते. टॅब उघडला, गुगल खाते मागितले, शिक्षकाने स्वतःचा जीमेल टाकला. दोन मिनिटांत काम झाले. दोन-तीन वर्षे काही होत नाही. मग बदली होते.

शेजारच्या एका शाळेत असेच झाले. चौदा टॅब, सगळ्यांवर जुन्या सरांचे खाते. सर आंतरजिल्हा बदलीने गेले. शाळेचा कारभार सोपवताना, म्हणजे चार्ज देताना, टेबल, खुर्च्या, वजनकाटा, गॅसची शेगडी, सगळे मोजून दिले. टॅबही दिले, 'नग १४' म्हणून. पॅटर्न काय, खाते कुणाचे, हे कुणी विचारले नाही आणि कुणी सांगितले नाही. नवीन बाई आल्या. टॅब पॅटर्न मागत होते. तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने आवाजाचे आणि पॉवरचे बटण एकत्र दाबून चौदाच्या चौदा टॅब रीसेट करून दिले. बाईंना वाटले, सुटलो. टॅब सुरू केले तर पडद्यावर एकच मागणी : या टॅबवर आधी जे खाते होते, तेच टाका.

अँड्रॉइडमध्ये ही सोय ५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आहे. टॅब चोरीला गेला तर चोराला रीसेट करूनही वापरता येऊ नये, म्हणून. ती चांगलीच सोय आहे. फक्त इथे तिने शाळेलाच चोर ठरवले.

बाईंनी मला बोलावले. जुन्या सरांना फोन लावला. माणूस सज्जन, पण पासवर्ड आठवेना. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर दोन वर्षांपूर्वीच बंद झालेला. सुदैवाने त्यांच्या स्वतःच्या फोनवर ते खाते अजून चालू होते. तिथून त्यांनी पासवर्ड बदलला आणि मला फोनवर एकेक अक्षर सांगितले. मी पहिल्या टॅबवर टाकला. घेईना. पुन्हा टाकला. घेईना. सर तिकडून म्हणतात बरोबर आहे, टॅब म्हणतो चूक आहे. आम्ही सव्वा तास त्यात घालवला. पासवर्ड नुकताच बदललेला असेल, तर रीसेट झालेल्या यंत्रावर तो लगेच चालत नाही, चोवीस तास थांबावे लागते, हे मला त्या दिवशी कळले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटल्यावर तोच पासवर्ड टाकला आणि पहिल्याच फटक्यात टॅब उघडला. मग बाकीचे तेरा. दिवे लागले तरी आम्ही वर्गात बसून होतो. बाई प्रत्येक टॅबच्या पाठीवर खडूने फुली मारत होत्या. चौदावी फुली मारल्यावर त्यांनी खडू टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा खुर्चीवर टेकल्या.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. टॅबला शाळेच्या नावाचे वेगळे खाते. त्यात जन्मतारीख मोठ्या माणसाची टाकायची. शाळेचे खाते म्हणून एकाने शाळेच्या स्थापनेची तारीख टाकली, २०१२ ची. गुगलने ते लहान मुलाचे खाते धरले आणि पालकाची परवानगी मागत बसले. खाते परत मिळवण्यासाठी दोन जणांचे नंबर-पत्ते जोडायचे, एक मुख्याध्यापकांचा, एक गावातच राहणाऱ्या व्यवस्थापन समितीच्या सदस्याचा. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली की गुगल दहा बॅकअप कोड देते, ते कागदावर उतरवायचे. पासवर्ड, पॅटर्न आणि हे कोड एका पाकिटात घालून ते पाकीट डेडस्टॉक रजिस्टरबरोबर, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीबरोबर, ठेवायचे. पासवर्ड कागदावर लिहू नये असे सगळीकडे सांगतात. स्वतःच्या बँकेचा लिहू नका. शाळेच्या टॅबचा मात्र लिहाच. त्या खात्यात चोरण्यासारखे काही ठेवायचेच नाही. बदली झाली की चार्ज यादीत टॅबच्या आकड्याखाली या पाकिटाची ओळ आली पाहिजे.

आणि रीसेट करायचाच असेल तर आधी सेटिंग्जमध्ये जाऊन खाते काढा, मग तिथूनच रीसेट करा. बटणे दाबून रीसेट करणारा कुणी भेटला तर टॅब त्याच्या हातात देऊ नका.

एका हॉटस्पॉटवर सगळे टॅब

शिक्षकाच्या फोनवर रोजचा दीड जीबी डेटा. हॉटस्पॉट सुरू केला, बारा टॅब जोडायला घेतले. बऱ्याच फोनला आठ-दहाच यंत्रे जोडता येतात, त्यामुळे शेवटचे दोन-तीन टॅब जोडलेच जात नाहीत आणि मुले "सर, माझा नाही आला" म्हणून ओरडतात. जे जोडले जातात ते धडा उघडण्याआधी प्ले स्टोअरमधून ॲपचे अपडेट ओढायला लागतात. तास सुरू व्हायच्या आत डेटा संपतो आणि "आमच्याकडे रेंजच नाही" असा निष्कर्ष निघतो. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये आपोआप अपडेट बंद करा, प्रत्येक टॅबवर. महिन्यातून एकदा, जिथे वायफाय आहे तिथे नेऊन सगळे अपडेट हाताने करून आणा.

मुळात वर्गात इंटरनेट लागलेच नाही पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. दीक्षा हे सरकारी शैक्षणिक ॲप २०१७ साली आले तेव्हापासून त्यात धडा उतरवून ठेवायची सोय आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड घरी किंवा तालुक्याच्या गावी स्कॅन करा, पुढच्या आठवड्याचे चार-पाच व्हिडिओ उतरवून ठेवा. पुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केला आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. तो कोड आपण मात्र तासाला मुले समोर बसवून स्कॅन करतो आणि फिरणारे चक्र बघत बसतो. उतरवून ठेवलेले धडे असलेल्या ॲपचा डेटा मात्र पुसू नका. "टॅब हँग होतो म्हणून क्लिअर डेटा केलं" असे म्हणणाऱ्यांचे सगळे धडे एका क्षणात गेलेले मी पाहिले आहेत.

ज्यांच्याकडे एक बरा लॅपटॉप आणि साधा वायफाय राउटर आहे त्यांनी कोलिब्री हे सॉफ्टवेअर बघावे. साहित्य एकदा लॅपटॉपवर भरले की टॅब राउटरवरून ते उघडतात, बाहेरचे इंटरनेट लागत नाही. पहिल्यांदा बसवायला अख्खा रविवार जातो. तो द्या.

"कनेक्शन खाजगी नाही" दिसले की ॲप काढून टाकणे

आधी तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरून बरेच दिवस पडलेल्या टॅबचे घड्याळ मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. तारीख नीट केली की काम झाले.

सर्वांत स्वस्त टॅब घेणे

२०११ च्या ऑक्टोबरात आकाश टॅबलेट आला तेव्हा देशभर चर्चा झाली. २५६ एमबी रॅम आणि बोट दाबल्याशिवाय न कळणारा पडदा. किंमत कमी होती, पण त्यावर काम करताना जीव जायचा. आजही तीच चूक होते, आकडे तेवढे बदललेत. वीस स्वस्त टॅबपेक्षा आठ बरे टॅब घ्या. तीन-चार जीबीपेक्षा कमी रॅमचा घेऊच नका, दुकानदार काहीही सांगो.

तारे मिळाले म्हणजे गणित आले असे धरणे

ही माझ्या स्वतःच्या वर्गातली गोष्ट आहे. चौथीतली एक मुलगी वजाबाकीच्या ॲपवर सगळ्यांच्या पुढे होती. प्रत्येक पातळीला तीन तारे. मी पालकसभेत तिच्या आईला टॅब दाखवला, आईने पदराने डोळे पुसले. त्यानंतर आठवडाभराने मी पाटीवर ५२ वजा २७ दिले. तिने लिहिले ३५.

सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन काढले, तीन. मोठ्यातून लहान, वर असो की खाली. हातचा तिला माहीतच नव्हता. आणि तीन महिने मला पत्ता नव्हता, कारण टॅबवर तारे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागे बसून नुसते बघितले. उदाहरण पडद्यावर आले की आवाज ते वाचून दाखवायचा. तो आवाज पुरा व्हायच्या आत तिचे बोट पहिल्या पर्यायावर पडायचे. लाल झाले की दुसऱ्यावर. लाल झाले की तिसऱ्यावर. हिरवे झाले की पुढचे उदाहरण. ती संख्यांकडे बघतच नव्हती, रंगाकडे बघत होती. ॲपने चुकीच्या उत्तराचे काही कापले नाही, शेवटपर्यंत पोचली की तारे दिले. पोरीने लबाडी केली नाही. तिच्यासमोर जो खेळ ठेवला होता, तो ती मन लावून खेळत होती. चूक माझी होती, मी टॅब हातात देऊन बाजूला झालो होतो.

आता माझ्या वर्गात पाटीशिवाय टॅब निघत नाही. तीन मुलांत एक टॅब. एक जण उदाहरण मोठ्याने वाचतो, दुसरा पाटीवर सोडवतो, तिसरा पाटीवरचे उत्तर बघून पडद्यावर बोट ठेवतो. पडदा लाल झाला तर दुसरा पर्याय दाबायचा नाही, पाटी पुसून पुन्हा सोडवायचे. प्रत्येक उदाहरणाला कामे फिरतात. तासाला पंधराऐवजी सहा-सात उदाहरणे होतात. होऊ देत. आणि त्या मुलीला मी टॅबवर नाही, काड्यांच्या गठ्ठ्यांवर परत नेले. पाच दशक, दोन सुटे. दोन सुट्या काड्यांतून सात कशा द्यायच्या? ती गप्प बसली, मग तिने एका गठ्ठ्याचे रबर काढले. दहा काड्या जमिनीवर पसरल्या, तेव्हा तिने माझ्याकडे बघितले. असे कितीतरी तास तिचे आणि माझे राहून गेले होते.

जी मंडळी "टॅब दिला की मुलं आपोआप शिकतात" म्हणतात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे : एकदा मुलाच्या मागे बसा आणि त्याच्या पडद्याऐवजी त्याचे बोट बघा.

उरलेल्या, थोडक्यात

सगळ्या टॅबचा आवाज एकाच वेळी चालू ठेवू नका. शिकवायच्या टॅबवर शिक्षकाचे व्हॉट्सॲप नको, लग्नाच्या फोटोंनी जागा भरते आणि मुलांसमोर नको ते उघडते. ॲप पिन करायला शिका, म्हणजे मूल गणितातून यूट्यूबवर जात नाही. जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका तशीच पाठवली तर टॅबवर चिन्हांचा कचरा दिसतो, युनिकोडमध्ये टाइप करा. टॅबवर आणि त्याच्या चार्जरवर एकच नंबर रंगवा.

मे महिन्याची सुट्टी

शेवटच्या दिवशी निकाल वाटून झाला की टॅब, शून्य चार्जिंगवर, पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. जूनमध्ये निम्मे सुरू होत नाहीत. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी मारतात, पूर्ण रिकामे राहणे आणि उष्णता. आपण तिला दोन्ही एकदम देतो, सहा आठवडे. टॅब अर्धे चार्ज करा, बंद करा, पत्र्यापासून लांब, घरातल्या गार खोलीत ठेवा. मी माझे बारा टॅब पेटीत घालून घरीच नेतो, रजिस्टरला तशी नोंद करून, आणि मेच्या मध्यावर एकदा काढून पुन्हा निम्म्यापर्यंत भरतो.

जूनमध्ये टॅब सुरू झाला नाही तर लगेच दुकानात पळू नका आणि बटण दाबत बसू नका. चांगल्या चार्जरला लावा आणि दोन तास हात लावू नका. अगदी खाली गेलेली बॅटरी पहिला बराच वेळ पडद्यावर काही दाखवत नाही. त्यानंतर पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. बरेच टॅब इथेच उठतात. पडदा एका कडेने उचललेला दिसला किंवा पाठ फुगलेली वाटली, तर मात्र चार्जिंगला लावूच नका. बॅटरी फुगली आहे. तो टॅब मुलांच्या हातून काढून वेगळा ठेवा आणि बॅटरी बदलूनच परत आणा.